चकव्याचे कुलूप

'गुप्' हा धातू रक्षण करणे या अर्थाचा. त्यापासून 'गोप्ता' हा शब्द सिद्ध होतो; गोप्ता म्हणजे रक्षणकर्ता. त्याच धातूपासून 'गुप्त' हाही शब्द सिद्ध होतो. त्याचा मूळ अर्थ राखलेला आणि रूढ अर्थ दडवलेला. ज्याला राखले तो दृष्टीआड झाला, एवढा प्रवास भाषेने मुकाट्याने करून ठेवला आहे. राज्याने प्रजेला जपावे, पतीने पत्नीला, लेकीने आईला. यात दोष कोणाचाच नाही. पण जपता जपता जपणाऱ्याचा हात दाराच्या कडीवर केव्हा जातो, आणि त्या क्षणी आतल्या माणसाला काय विचारायचे राहून जाते, हा प्रश्न मोठमोठ्या सभांतूनही सुटलेला नाही. एका कुलूपवाल्याच्या दुकानाच्या पायरीवर तो एका सकाळी येऊन उभा राहिला.

"बाबा, ट्रकला तुमचं तत्त्वज्ञान ऐकू येत नाही!"

लेक धापा टाकत होती. तिच्या एका हातात आईचे मनगट होते, दुसऱ्यात आईची एक चप्पल. दुसरी चप्पल आईच्या पायात होती. आई मात्र पाहुण्या गावात आल्यासारखी दुकानातल्या टांगलेल्या किल्ल्यांकडे कौतुकाने पाहत होती.

"पुलाच्या चढावर. रस्त्याच्या मधोमध! गाड्या हॉर्न वाजवतायत आणि ही आपली उभी. शिंपीकाकांनी पाहिलं म्हणून, नाहीतर आज…"

कुलूपकाकांनी कानस खाली ठेवली, हात पुसले आणि बायकोला विचारले, "लागलं का गं कुठं?"

"मला कशाला लागतंय?" काकू म्हणाल्या. "लोकच उगाच धावपळ करत होते. मी तर उभी होते."

काकांना हसू आले. लेकीला ते दिसले.

"हसा तुम्ही. मागच्या वेळी पोलिसांनी घरी आणून सोडलं, तेव्हाच नोंद झाली होती. आज पुन्हा झाली. आता तपासनीस येणार, आणि तिला न्यायचं म्हणाले तर मी मध्ये पडणार नाही. आधीच सांगून ठेवते."

कायदा नवा होता आणि त्याचे नाव सुरेख होते: 'आश्रय'. स्मृती क्षीण झालेली व्यक्ती दुसऱ्यांदा रस्त्यावर भटकताना आढळली, तर तिला उघडता येणार नाही असे कुलूप घरच्यांनी दाराला आतून बसवावे, आणि ते खातरीचे नसेल तर व्यक्तीस संरक्षणगृहात हलवावे, असे त्यात म्हटले होते. कुणाचे वाईट व्हावे म्हणून तो केला नव्हता. ज्यांची माणसे खरोखरच रस्त्यावर गेली होती, त्यांच्या अश्रूंतूनच तो निघाला होता.

पण काकांचे आयुष्य एका वाक्यावर उभे होते: ज्याचे दार, त्याची किल्ली. बंद कुलूप उघडायला कोणी बोलावले, तर ते आधी विचारीत, "दार आपलंच ना?" उत्तर मिळाल्यावर गुडघे टेकून काम करीत; आणि खटका पडला रे पडला की उठून दाराकडे पाठ करून उभे राहत. दार स्वतः कधी ढकलीत नसत. "कुलूप माझं काम. दार ज्याचं त्यानं ढकलावं. आत काय आहे ते मला बघायचं नाही," असे म्हणत. घाईतली माणसे या रीतीला हसत, पण आपलेच दार आपल्या हाताने उघडताना त्यांचा चेहरा कसा बदलतो, हे त्यांचे त्यांनाच ठाऊक असे. काकांची पाठ असल्यामुळे ते काकांनाही कधी दिसले नाही.

समोरच्या शिंप्याशी त्यांचा वाद रोजचा.

"सरकारनं रस्त्यावर दिवा लावावा," काका म्हणत. "दिव्याखालून कुणी कुठं जायचं, ते दिव्यानं सांगू नये."

"आणि माणूस खड्ड्यात पडला तर?"

"हात द्यावा. पडू नये म्हणून पाय बांधू नयेत."

"तुझ्या मापानं सदरा शिवायचा, तर कापडाला कात्रीच लावायला नको!" शिंपी म्हणे, आणि दोघे एकाच किटलीतला चहा पीत.

काही वर्षांपूर्वी असाच एक हुकूम निघाला होता. आग लागली तर सोय व्हावी म्हणून प्रत्येक कुलूपवाल्याने केलेल्या प्रत्येक किल्लीची जोडकिल्ली कचेरीत जमा करायची. काकांनी एकही दिली नाही. तेव्हा त्यांच्याच दुकानाला सरकारी कुलूप लागले. ते त्यांना डोळे मिटून उघडता आले असते. पण दुसऱ्याच्या कुलपाला त्याच्या सांगण्यावाचून हात लावायचा नाही, या नेमापायी हा मनुष्य सबंध उन्हाळा समोर शिंप्याच्या बाकावर बसून आपले बंद दुकान पाहत राहिला. पुढे हुकूमच मागे घेतला गेला. "जिंकलास की रे," शिंपी म्हणाला. "कुठलं जिंकतोय? गंज चढला सगळ्याला," काका म्हणाले.

हे सारे बाहेरच्या दारांचे झाले. आता प्रश्न घरच्या दाराचा होता, आणि त्या दाराबाबत त्यांनी आधीच शब्द देऊन ठेवला होता.

डॉक्टरांनी काकूंच्या दुखण्याचे नाव सांगितले, त्या दिवशी परतताना दोघे रस्त्याकडेच्या बाकावर टेकली होती. काकूंना तेव्हा सगळे कळत होते.

"अहो, एक मागू?"

"माग की."

"पुढं मला कळेनासं होईल. मग माझं सगळं तुम्हीच ठरवणार. जेवणाचं, औषधाचं, कुठले कपडे घालायचे ते. ठरवा बापडे. आजवर तरी कुठं विचारत होतात! गावभर स्वातंत्र्य, आणि घरात भिंतीचा रंगसुद्धा तुमच्याच पसंतीचा." त्या खुदकन हसल्या आणि मग हसू ओसरले. "पण दाराचं तेवढं ठरवू नका. आतून दार ठोठावायची पाळी माझ्यावर आणू नका."

"नाही आणणार."

"बघा हं. मी विसरेन. तुम्ही विसरू नका."

एका बाजूला हा शब्द, दुसऱ्या बाजूला कायदा. कुलूप लावावे तर शब्द मोडतो. न लावावे तर घर मोडते. लेकीने संरक्षणगृहाचे सचित्र माहितीपत्रकही आणून ठेवले होते. त्यात बाग होती आणि बागेला सुबक कुंपण होते. काका त्या कुंपणाकडे बराच वेळ पाहत बसले. मग उठले, आणि त्यांनी पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढली.

तळाशी जुन्या चादरीत गुंडाळलेले एक पेटीकुलूप होते, दाराला जडवायचे; पेटीवर खिळ्यांच्या तीन ओळी आणि एक सरकता दांडा. नवे लग्न झाले तेव्हाचे. किल्ल्या हरवण्यात त्या काळी काकूंचा हात धरणारे कोणी नव्हते. कुलूपवाल्याची बायको आणि दाराबाहेर ताटकळत बसलेली, याची शेजारीपाजारी चेष्टा होई. तेव्हा काकांनी हे कुलूप घडवले. त्याला किल्ली होतीच. पण किल्लीवाचूनही ते उघडे. खालच्या ओळीतला डावीकडचा खिळा अंगठ्याने दाबायचा, दांडा केसभर उलटा आत रेटायचा आणि मग आपल्याकडे ओढायचा. ज्याला हे ठाऊक नाही त्याने जन्मभर खटपट केली तरी दार हलायचे नाही. नाव काकूंनीच ठेवले होते. "याला म्हणायचं चकवा! चोरांना लागो, मला नको."

आणि आता, रोजची वाट पायांखालीच हरवून जाणाऱ्या माणसाला चकवा लागला असे म्हणतात, तसा तो काकूंनाच लागला होता. काकांनी कुलपाला तेल दिले.

तपासनीस बाई आल्या तेव्हा ते दाराला आतून बसवलेले होते. बाई तरुण होत्या, बोलायला मऊ होत्या. दिवसभर परक्यांच्या दारांना हिसके देऊन त्यांचे खांदे दुखत असावेत. त्यांनी दांडा ओढला, दार हलवले, किल्ली फिरवून पाहिली. लेक कोपऱ्यात हाताची घडी घालून उभी होती.

"दुसरी किल्ली?"

"नाही. मी जोडकिल्ली ठेवत नाही."

"किल्लीशिवाय उघडत नाही ना, काका?"

काका खोटे बोलत नसत. क्षणभर त्यांच्या कपाळावर घाम दिसला. "तुम्ही उघडून बघा," ते म्हणाले.

बाईंनी पाहिले. नाही उघडले. मग त्या संकोचाने म्हणाल्या, "माफ करा, पण नियम आहे. ज्यांच्यासाठी बसवलं, त्यांनाही प्रयत्न करायला लावायचा. काकू, या ना इकडे. जरा हे दार उघडता येतंय का बघता?"

काकू उठल्या. त्या क्षणी आपण कोणते मागणे मागावे, हेच काकांना कळेना. तिला आठवले, तर तिला नेतील. तिला आठवले नाही, तर ती गेलीच आहे.

काकूंनी तळहात कुलपावर ठेवला. जुनी मैत्रीण भेटावी तशी बोटे त्यावरून फिरली. डावा अंगठा आपसूक खाली सरकला आणि त्या खिळ्यावर जाऊन टेकला. पूर्वी हे कुलूप दाराला होते तेव्हा वर्षानुवर्षे अंगठा दाबून दाबून तो एकच खिळा गुळगुळीत होऊन चकाकत होता. तिथे तो थांबला. काकूंनी मान वळवून नवऱ्याकडे पाहिले. त्या पाहण्यात ओळख होती की नुसते कुतूहल, हे काकांना पुढे कधीच ठरवता आले नाही. मग त्यांनी हात काढून घेतला.

"नाही बाई उघडत," त्या म्हणाल्या. "किल्ली यांच्याकडे असते. माझ्याकडून हरवतात."

तपासनीस बाई वाकून काहीतरी लिहू लागल्या. लिहिता लिहिता थांबल्या. "हा एक खिळा झिजलाय, काका."

काकांनी सदऱ्याच्या बाहीने कपाळ पुसले.

बाईंनी काकूंकडे पाहिले, काकांकडे पाहिले. "माझ्या घरी आजी होती," त्या हलकेच म्हणाल्या. पुढे काही सांगतील असे वाटले. पण त्यांनी पेनाला टोपण लावले. "असो. मी कुलूप तपासते. खिळे तपासायचं माझ्याकडे नाही."

त्या गेल्या. पाठोपाठ लेकही कामाला गेली. दार लागले, घर शांत झाले. काका खुर्चीत बसले नाहीत तोच मागे आवाज आला: खटक. दार उघडे होते, आणि काकू उंबऱ्यावर उभ्या राहून पोरीसारख्या हसत होत्या.

"फसली की नाही?"

काकांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतले. ते हसत होते की रडत होते, हे काकूंनी विचारले नाही. त्या फिरायला निघून गेल्या होत्या, आणि काकांना चपला सापडत नव्हत्या.

त्यानंतर रोज सकाळी खटका पडे. काकू निघत, काका मागून चालत. कधी बरोबरीने नाही, पुढे तर नाहीच. पुलाचा चढ आला की मात्र ते गाड्यांच्या बाजूने सरकत आणि हात वर करून वाहने थांबवीत. काकू वळतील तिकडे ते वळत. कधी काकू परक्यांच्या फाटकाशी उभ्या राहून तिथल्या फुलांना नावे ठेवीत. कधी एकाच गल्लीत फिरफिर फिरत. दमल्या की कुठेही बसत आणि म्हणत, "आता कुठं जायचं होतं हो?" मग काका जवळ जाऊन विचारीत, "घरी यायचं का?" त्या हो म्हणाल्या तरच हात धरीत. दुकान उशिरा उघडू लागले. शिंपी आपल्या दारातून म्हणे, "तुझं राज्य बरं चाललंय. एक प्रजा आणि एक शिपाई." "शिपाई बिनहत्यारी आहे," काका म्हणत.

एके सकाळी लेक अवेळी आली आणि तिने आईला दार उघडताना पाहिले. काकू तिच्या बाजूने रस्त्यावर निघून गेल्या, लेकीच्या गालाला हात लावून, "किती वाळलीस गं," असे म्हणून. ओळखून म्हणाल्या की सवयीने, कोण जाणे.

लेक उंबऱ्यातच उभी राहिली. तिचा आवाज चढला नाही, हेच काकांना अधिक लागले.

"बाबा, सरकारला फसवलंत, ते तुमचं तुम्ही बघा. मला का फसवलंत? मला वाटायचं, ती घरात आहे. म्हणून मला झोप यायची."

"तिनं शब्द घेतला होता माझ्याकडून."

"आणि माझ्याकडून कुणी काहीच घ्यायचं नाही? ती तुमची बायको व्हायच्या आधी कुणाचीच नव्हती, तुमच्यानंतर कुणाचीच नाही? तिचं स्वातंत्र्य, तुमचा शब्द. आणि पुलाखाली तिला ओळखायला बोलावतील ते मला!"

काकांनी उंबऱ्याशी येऊन कुलपावर हात ठेवला. ते म्हणाले, "बाळा, ऐक. हे कुलूप मी बंद ठेवायला बसवलेलं नाही. तिला जोवर आठवतंय, तोवर हे दार तिचं. ज्या दिवशी तिच्या अंगठ्याला तो खिळा सापडणार नाही, त्या दिवशी ते साधं कुलूप होईल. कुणी बदलायला नको. तेवढं तिचं तिला विसरू दे. आपण आधी विसरायला लावू नये."

लेक भिंतीला टेकून खाली बसली. "म्हणजे रोज सकाळी तुम्ही त्या आवाजाची वाट बघता?"

"हो."

"आणि एक दिवस तो येणार नाही."

"हो."

ती रडली. मग उरलेसुरले सगळे बळ एकवटावे तशी उठली आणि म्हणाली, "चला. ती पुलाकडे गेली असेल. तुम्ही त्या बाजूनं या, मी इकडून जाते."

त्या दिवसापासून मागून चालणारी दोन माणसे झाली.

ती सकाळ आली तेव्हा तिच्यात वेगळे असे काही नव्हते. काका चहाचे पातेले विसळत होते. दाराशी बोटांची चाहूल लागली. त्यांनी नळ बंद केला. बोटे कुलपावरून फिरत होती. वरच्या ओळीवरून, मधल्या ओळीवरून, पुन्हा वरच्या. आंधळ्याने परक्याचा चेहरा चाचपावा तशी. अंगठा त्या खिळ्यावरूनही गेला आणि न थांबता पुढे सरकला. काका हातात पातेले धरून स्वयंपाकघराच्या दारातून पाहत होते. एकदा त्यांच्या ओठांवर आले, 'डावीकडचा गं, खालचा.' पण त्यांनी ते गिळले. विसरणेही ज्याचे त्याचे.

मग दार वाजले. आतून. हळूच, परक्याच्या घरी वाजवावे तसे.

"कुणी आहे का?"

बाकावर बसून दिलेला शब्द तिथे संपला. काकांनी पातेले खाली ठेवले, हात पुसले आणि बाहेरच्या खोलीत आले. "आहे," ते म्हणाले.

काकूंनी त्यांच्याकडे पाहिले. खिशातून लटकणाऱ्या किल्ल्यांच्या जुडग्याकडे पाहिले आणि त्यांच्या चेहऱ्यावर सुटका झाल्याचा आनंद पसरला. "अगंबाई! तुम्ही कुलूपवाले ना? बरं झालं भेटलात. हे दार उघडत नाही हो मला. घरी माणसं वाट बघत असतील."

मग, आयुष्यभर परक्यांना विचारीत आले तसे, काकांनी तितक्याच अदबीने विचारले, "दार आपलंच ना?"

काकू विचारात पडल्या. दाराकडे, भिंतीच्या त्या रंगाकडे पाहिले. "हो," त्या म्हणाल्या, पण खात्री नव्हती. मग जरा ठामपणे, "हो. माझंच."

काकांनी गुडघे टेकले. अंगठा खिळ्यावर ठेवला. खिळा गुळगुळीत होता, आणि तिच्या बोटांची ऊब अजून त्यावर होती. दांडा केसभर आत, मग आपल्याकडे. खटक.

ते उठले आणि दाराकडे पाठ करून उभे राहिले.

मागे काही ऐकू येईना. त्यांनी वळून पाहिले नाही. समोरच्या भिंतीवर त्यांची सावलीही नव्हती, कारण दार अजून मिटलेलेच होते. कदाचित दार ढकलायचे असते, हेही तिला आठवत नसेल. कदाचित ती खुर्चीकडे परतली असेल. त्यांचा हात मागे जाऊ पाहत होता. त्यांनी तो दुसऱ्या हाताने धरून ठेवला.

मग बिजागरी किरकिरली. उन्हाची एक बारीक चीर त्यांच्या पायांजवळून सरकत भिंतीपर्यंत गेली आणि हळूहळू रुंद झाली.

"अहो, ऐकलंत का?" मागून आवाज आला. "उपकार झाले तुमचे. पण एक विचारू? मला वाट नीट ठाऊक नाही. थोडं सोबत येता का?"

"येतो," काका म्हणाले. त्या दिवशी पहिल्यांदाच ते मागून नव्हे, बरोबरीने चालले.

ज्यांना आपली वाट उरली नाही, त्यांना सोबत मागण्याएवढा आवाज उरो. जे राखतात, त्यांच्या हाताला विचारण्याचे भान राहो. जी लेक दुसऱ्या बाजूने धावत येते, तिला शांत झोप लाभो. आणि जे पाठ करून उभे राहतात, त्यांना मागे दार उघडल्याचा आवाज ऐकू येवो.